मंगळवारी निघून मंगळवारीच पोचणे

२२ सप्टेंबर. सकाळी ऑफिसातल्या पाचही घड्याळांचे सेल बदलले. स्टुलावर चढून एकेक घड्याळ काढायचं, पुसायचं, सेल घालायचा आणि वेळ लावून पुन्हा खिळ्याला अडकवायचं. नवी पेठेत कापडाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर माझं विमानाच्या तिकिटांचं ऑफिस आहे. भिंतीवर सोलापूर, दुबई, लंडन, न्यूयॉर्क आणि सिडनी ओळीने टांगलेली आहेत. यातली तीन घड्याळं वर्षातून दोनदा हलवावी लागतात, कारण त्या देशांत उन्हाळ्या-हिवाळ्याची वेळ वेगळी असते. दुबई आणि सोलापूर बारा महिने गप्प बसून असतात. गिऱ्हाइकांना ही घड्याळं शोभेची वाटतात. माझं म्हणणं असं, की भिंतीवर चुकीचं घड्याळ असण्यापेक्षा मोकळी भिंत बरी.

चोवीस वर्षं हा धंदा करते आहे. या काळात लोकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न भाड्याचा नाही. तो आहे, “किती लांब आहे हो?” आणि लांब म्हणजे त्यांना किलोमीटर नको असतात, तास हवे असतात. हे बरोबरही आहे. सोलापूर ते मुंबई चारशे किलोमीटर, आणि मोटारीने आठ तास धरायचे. मुंबई ते आखात त्याच्या पाच-सहापट लांब, आणि विमानाने साडेतीन तास. म्हणजे आमच्या माणसाचा निम्म्याहून जास्त प्रवास विमानात बसायच्या आधीच होतो. तिकिटावर तो कुठेच छापलेला नसतो.

शिवाय तिकिटावर जी वेळ छापतात ती त्या-त्या गावची. निघायची वेळ मुंबईची, पोचायची वेळ तिकडची. दोन्हींची सरळ वजाबाकी करून जे उत्तर येतं, तितका वेळ कोणाच्याच आयुष्यात गेलेला नसतो. पूर्वेला गेलात तर उत्तर फुगतं, पश्चिमेला गेलात तर आटतं. हे मी दिवसातून चारदा सांगते. ऐकणारे मान डोलावतात आणि घरी जाऊन वजाबाकीच करतात.

आमच्याच पेठेतले एक शेठ लंडनला नातवाच्या मुंजीला गेले होते. आल्यावर तिकिटं घेऊन वर आले. “जाताना धा तास, येताना नऊ. रस्ता तोच हाय नव्हं?”

मी म्हटलं, “रस्ता तोच. वरती वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. जाताना तोंडावर, येताना पाठीवर.”

“म्हंजे येताना उतार लागतो म्हणा की.”

“तसंच समजा.”

त्यांना ते इतकं पटलं, की पुढे त्यांनीच पेठेत चार जणांना समजावून सांगितलं. लंडनहून येताना उतार आहे, मॅडमनी सांगितलंय.

एक मोठी चूक मात्र माझ्या खात्यावर धरते. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे इंजिनिअर जर्मनीला निघाले होते. तिकीट रविवारी रात्री साडेबाराचं. ते रविवारी दुपारी जेवून, आरामात निघून, रात्री दहाला मुंबईच्या विमानतळावर हजर झाले. विमान आदल्या रात्रीच गेलं होतं. बाराच्या ठोक्याला तारीख बदलते हे त्या इंजिनिअरला माहीत नव्हतं असं नाही. पण आपल्या घरात दिवस उजाडल्यावर बदलतो. जेवून झोपलो की तो वार संपला. मध्ये साडेबारा वाजोत की दोन, तो कालचाच वार. तिकीट छापणाऱ्या यंत्राला हे ठाऊक नाही. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी तिकिटासोबत स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी देते. साध्या भाषेत. ‘शनिवारी दुपारी जेवून घर सोडायचं. रात्रीचं जेवण वाटेत. शनिवारचीच रात्र, झोपायचं नाही.’ अशी. आणि सगळ्यात खाली एक आकडा, त्याभोवती गोल: एकूण तास, सोलापूरच्या दारापासून तिकडच्या दारापर्यंत. लोक तिकीट हरवतात पण ती चिठ्ठी पाकिटात जपून ठेवतात. या गोलाचा मला अभिमान होता. म्हणूनच तो न काढल्याने एकदा काय झालं, त्याबद्दल लिहायचं ठरवलंय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मल्लिनाथ नावाचा आमचा एक मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला नोकरीला आहे. मुलगा म्हणजे वय चाळीस, पण त्याचं पहिलं तिकीट मी काढलेलं. त्याने आईला बोलावलं. आई शरणव्वा, वय बाहत्तर, अक्कलकोट रस्त्याला घर, घरात बोलायला कानडी आणि बाजारात मराठी. कधी विमान पाहिलेलं नाही. मुंबईहून आखातात जायचं, तिथे विमान बदलायचं आणि पुढचं एकदम अमेरिकेला. मुंबई सोडल्यापासून अमेरिकेत टेकेपर्यंत तेवीस तास. अलीकडचे आणि पलीकडचे धरले तर चाळीसच्या आसपास.

मल्लिनाथने फोनवर सगळं ठरवलं आणि शेवटी म्हणाला, “मॅडम, एक विनंती आहे. आईला तुमचा तो गोल देऊ नका.”

“का?”

“चाळीस म्हटलं की ती येणारच नाही. तीन वर्षं मागे लागलोय, आत्ता कुठे हो म्हणालीय. तुम्ही फक्त एवढंच सांगा, मंगळवारी पहाटे चारला निघशील आणि मंगळवारी दुपारी अडीचला पोचशील. खोटं तर काही नाही ना त्यात?”

खोटं काहीच नव्हतं. तिकिटावर तसंच छापलं होतं. मी हो म्हटलं.

शरणव्वा स्वतः ऑफिसात आल्या. जिना चढून आल्या, खुर्चीवर बसल्या, दम घेतला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. मला म्हणाल्या, “तंगी, किती येळ बसायचं ते सांग.” तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. पन्नाशीला आल्यावर हे ऐकायला बरं वाटतं.

“मंगळवारी पहाटे चारला विमान उडेल, अक्का. मंगळवारी दुपारी अडीचला तुम्ही मल्लिनाथपाशी.”

त्यांनी अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. “धा-अकरा तास. हुबळीला जाऊन आल्यागत झालं की.”

मी पुढचा कागद ओढला. चाकाची खुर्ची सांगितली होती, तिचं काम समजावलं. जेवण शाकाहारी, कांदा-लसूण नाही. जागा बाथरूमच्या जवळची. औषधांची यादी, मुलाचा पत्ता, इंग्रजीत एक कागद. बाहत्तर वर्षांच्या एकट्या बाईसाठी जे विचारायचं ते सगळं विचारलं, असं मला वाटलं. चिठ्ठीवर निघायचा वार लिहिला, पोचायचा वार लिहिला. खालची जागा कोरी ठेवली.

सोमवारी दुपारी त्या मोटारीने मुंबईला गेल्या. रात्री पुतण्याने विमानतळावर आत सोडलं. मंगळवारी सकाळी नऊला मी शटर उघडते आहे तोच त्यांच्या धाकट्या जाऊबाई जिन्यात उभ्या. नागव्वा त्यांचं नाव. भाजी घ्यायला आल्या होत्या, पिशवी हातातच.

“आमच्या अक्का पोचल्या का हो मॅडम?”

“अहो, एवढ्यात कुठे?”

“न्हाई, दुपारी पोचत्यात म्हणाल्या होत्या. म्हणून म्हटलं निम्म्या तरी आल्या असतील. पूजा तितं जाऊनच करनार हायत ना. मुलाच्या घरी आंगुळ करायची, मग पूजा, मग खायाचं. तवर पाणीबी न्हाई तोंडात.”

माझ्या हातात अजून शटरची किल्ली होती. सोलापुरात राहून मला हे कळायला हवं होतं. आमच्या गल्लीत निम्मी घरं लिंगायतांची. उजाडल्यावर आंघोळ, आंघोळीनंतर तळहातावर लिंग ठेवून पूजा, आणि पूजेनंतर अन्नपाणी. शरणव्वांच्या वयाच्या बायकांत यात कधी बदल होत नाही. मी त्यांना जेवणात कांदा चालतो का ते विचारलं होतं. आंघोळ कधी करता ते विचारलं नव्हतं.

त्यांचा हिशोब सरळ होता. पहाटे निघायचं, दुपारी अडीचला उतरायचं, चारला न्हाऊन पूजा. एक सकाळ उपाशी राहायचं, त्यात काय. पण ती एक सकाळ चोवीस तासांची होती.

“नागव्वा, त्या पाण्यावाचून किती वेळ राहू शकतात?”

“असं का इचारता?” त्यांनी पिशवी खाली ठेवली. “मागं हुबळीच्या लग्नात दुपारी तीनपतूर पूजा लांबली, तर चक्कर येऊन पडल्या की मांडवात. डोकं फुटायचं राहिलं. तवा सलाईन लावली होती.”

मी घड्याळाकडे पाहिलं. आपले सव्वानऊ. पहिलं विमान उतरून पावणेदोन तास झालेले. दुसरं अकराला सुटणार, आणि ते एकदा उडालं की पुढचे सोळा तास मी, मल्लिनाथ, कोणीच काही करू शकणार नाही. विमानातल्या मुली पाणी घेऊन येतील आणि शरणव्वा हाताने नको म्हणतील. तिथे कोणाला कळणार, की ही बाई तहान नाही म्हणून नको म्हणत नाहीये?

मल्लिनाथला फोन लावला. तिकडे सोमवारची रात्र, त्याने उचलला नाही. शरणव्वांच्या फोनवर बाहेरच्या देशात चालणारं रोमिंग नव्हतं. ते घ्यायचं मीच नको म्हटलं होतं, एका प्रवासापुरतं कशाला. मग विमान कंपनीच्या त्या विमानतळावरच्या ऑफिसचा नंबर शोधला. या धंद्यात असे नंबर वर्षानुवर्षं साठवलेले असतात आणि ऐनवेळी त्यातले निम्मे बंद निघतात. तिसरा लागला. त्यांनी चाकाच्या खुर्च्यांच्या काउंटरचा दिला. तिथे एका माणसाने नाव दोनदा विचारलं, तीनदा विचारलं, मग म्हणाला थांबा. मी थांबले. नागव्वा समोरच्या खुर्चीच्या टोकावर बसून होत्या.

नऊ चाळीसला पलीकडून एक बाई हिंदीत बोलली. खुर्ची ढकलणारी होती. “अम्मा मेरे साथ है. लेकिन जल्दी बोलिए, अमेरिका की फ्लाइट है, दुबारा चेकिंग होती है. आधे घंटे में अंदर ले जाना पड़ेगा.”

फोन शरणव्वांकडे गेला.

“अक्का, मी नवी पेठेतली मॅडम.”

“अगं तंगी! पोचलो काय आमी?”

“नाही अक्का. अजून सोळा तास बसायचंय. उतरल्यावर दोन-तीन निराळेच.”

पलीकडे विमानतळावरची घोषणा चालू होती. मग म्हणाल्या, “तू तर अडीच म्हणालीस.”

“तिकडचे अडीच. तेव्हा आपल्याकडे बुधवारची पहाट असेल, तीन वाजलेले असतील.”

“मल्लूनं सांगू नको म्हटलं काय?”

मी हो म्हटलं. यात मुलाला पुढे करणं बरं नव्हतं, म्हणून लगेच म्हटलं, “पण लिहायचं काम माझं होतं. मी लिहिलं नाही.”

“लिवलं असतंस तर मी आलेच नसते असं वाटलं व्हय तुमा दोघांना? शानी हायसा.” राग नव्हता आवाजात, चेष्टाही नव्हती. “अगं, लिवलं असतंस तर मी आदी मठातल्या स्वामींना इचारून आले असते, वाटेत कसं करायचं म्हणून. आता हितं कुनाला इचारू?”

मी पाणी घ्या म्हणणार होते, तब्येतीला सगळं चालतं वगैरे म्हणणार होते. ते म्हणायचा मला अधिकार नव्हता, आणि म्हटलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

त्यांनीच विचारलं, “हितं न्हानीघर हाय का?”

मी फोन त्या खुर्चीवालीला द्यायला सांगितला आणि तिला विचारलं. ती म्हणाली, अंघोळीची सोय आहे पण दुसऱ्या टोकाला, जाऊन येण्यातच अर्धा तास. जवळ बायकांसाठी नमाजाआधी हातपाय धुवायची जागा आहे. बसायला ओटे आहेत, नळ आहेत. हे शरणव्वांना सांगितलं.

त्या स्वतःशीच बोलावं तशा म्हणाल्या, “आजारी माणसाला विभूतीचं स्नान चालतं. मी आजारी न्हाई. पण पाय खाली टेकू देत न्हाईत, खुर्चीत घालून ढकलतात, पोटाला पट्टा बांधून बसवतात. आजारी माणसाचं ह्याहून निराळं काय असतं?” आणि मग एकदम कामाला लागल्यासारख्या, “पूजेला वीस मिंटं लागतात मला. ह्या पोरीला सांग, मधी बोलायचं न्हाई.”

मी त्या बाईला हिंदीत सांगितलं. अम्मा हातपाय धुतील, अंगाला राख लावतील, मग खुर्चीतच बसून हातावर पूजा करतील. वीस मिनिटं. तोपर्यंत त्यांना हलवू नका, बोलू नका.

ती म्हणाली, “और फ्लाइट?”

“बीस मिनट में हो जाएगा.”

“मॅडम, नहीं हुआ तो?”

नाही झालं तर विमान जाणार होतं, आणि पुढचं दुसऱ्या दिवशी होतं. भाषा न येणारी बाहत्तर वर्षांची बाई एक दिवस-रात्र परक्या विमानतळावर बसली असती. मी तिला म्हटलं, “नहीं हुआ तो भी बीच में मत उठाना.” हे म्हणण्याआधी मी मल्लिनाथला विचारलं नाही. त्याचा फोन अजून लागलेला नव्हता.

ती “ठीक है” म्हणाली आणि फोन बंद झाला.

आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली. आमच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक तिकिटाची स्थिती दिसते. प्रवाशाने विमानाच्या दारात कार्ड दाखवलं, की त्याच्या नावापुढचा शब्द बदलतो. तो बदलेपर्यंत माणूस विमानतळावर कुठेतरी आहे, एवढंच कळतं. दहा वाजले. सव्वादहा झाले. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना बसवलं. दुबईचं भाडं सांगता-सांगता मी दर मिनिटाला ते पान नव्याने उघडत होते. नागव्वांनी विचारलं, “काय दिसतंय?” मी म्हटलं, “काही नाही.” साडेदहा. दार बंद व्हायला दहा-पंधरा मिनिटं. शब्द तोच.

दहा अडतीसला तो बदलला.

मी नागव्वांना म्हटलं, “बसल्या.”

“पूजा झाली का पन?”

ते कॉम्प्युटरवर दिसत नाही. ते कळायला पुढचा दिवस उजाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी साडेसहाला मल्लिनाथचा फोन आला. आई घरी पोचली होती, आंघोळीला गेली होती. त्याला सगळं कळलं होतं. विमानतळावर पूजा करून, बरोबरची कडक भाकरी आणि बिनलसणाची शेंगाचटणी खाऊन, पाणी पिऊन त्या विमानात चढल्या होत्या. अर्धी भाकरी खुर्चीवालीला खायला लावली होती. आणि विमानात सोळापैकी दहा तास झोपल्या होत्या.

“आता परत पूजा करायची म्हणते,” तो म्हणाला. “मी म्हटलं, आई, आज मंगळवारच आहे, तुझी झालीय. तर म्हणते, माझं घड्याळ बुधवार म्हणतंय, तुझा मंगळवार तुझ्यापाशी ठेव.” तो हसला, मग म्हणाला, “मॅडम, माझंच चुकलं.”

मी म्हटलं, “दोघांचं.” त्याची ऑफिसची फोनाफोनी राहिली होती, माझा चहा गॅसवर होता.

नऊला शटर उघडलं आणि पहिलं काम केलं ते म्हणजे ट्रेमधली पाकिटं काढली. शुक्रवारी निघणारं बार्शीचं एक जोडपं होतं. दोघंही सत्तरीचे, नवरा शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक, मुलगी कॅनडात. त्यांच्या चिठ्ठीवरही खालची जागा कोरी होती, कारण मुलीनेही मल्लिनाथसारखीच विनंती केली होती. असे फोन आठवड्याला एक तरी येतात. तोपर्यंत मी त्याला प्रेम समजत होते.

मी बेरीज केली, दोनदा तपासली आणि बार्शीला फोन लावला. सरांनी उचलला.

“सर, तुमच्या चिठ्ठीत एक गोष्ट लिहायची राहिली. तुमच्या दारातून निघाल्यापासून मुलीच्या दारापर्यंत एकूण सदतीस तास लागतील.”

“सदतीस?” सर म्हणाले. शाळेत सदतीसचा पाढा म्हणायला लावणारा माणूस. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. मी करतो मनाची तयारी. पण हे आपल्या दोघांतच ठेवा हां मॅडम. हिला नका सांगू. उगीच घाबरेल.”

मी म्हटलं, “सर, फोन जरा काकूंकडे द्या.”